चित्र लख्ख, आवाज परका

१२ जून २०२१. शनिवारची रात्र. आमच्या तळा गावात पावसाने दुपारपासून धरले होते. आदल्या वर्षीच्या 'निसर्ग' चक्रीवादळात छपरावरची डिश कौलांसकट उडाली होती; तिच्या जागी बसवलेली नवी डिश प्रत्येक मोठ्या सरीबरोबर पडद्यावरच्या चित्राचे चौकोन चौकोन करीत होती. कोरोनामुळे मुंबईच्या शाळा बंद, म्हणून नऊ वर्षांचा नातू आमच्याकडेच राहायला होता. युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेतला डेन्मार्क आणि फिनलंड यांचा सामना साडेनऊला सुरू झाला. दोन्ही देश त्याने नकाशात आधीच शोधून ठेवले होते. पूर्वार्ध संपायला दोन-तीन मिनिटे उरली असतील, तोच डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन हा खेळाडू, कोणाचाही धक्का लागलेला नसताना, तोंडावर कोसळला.

त्याचे हृदय बंद पडले होते. डॉक्टर धावले, छातीवर दाब देऊ लागले. डेन्मार्कच्या खेळाडूंनी त्याच्याभोवती कडे केले, तेही बाहेरच्या बाजूला तोंडे करून. आपला सोबती या अवस्थेत जगाला दिसू नये एवढाच त्यांचा हेतू होता. त्याला बाहेर नेताना फिनलंडचे झेंडे आडोशाला धरले गेले. मैदानावरच्या सगळ्यांना कळत होते की इथे बघायचे नसते. कळत नव्हते ते फक्त कॅमेऱ्याला. खेळाडूंच्या पायांमधून, खांद्यांवरून तो आत डोकावत होता. आत काही दिसेना, तेव्हा तो मैदानात धावत आलेल्या एरिक्सनच्या जोडीदारिणीच्या रडणाऱ्या चेहऱ्यावर गेला. ''आबा, तो मेला का?'' नातवाने विचारले. मला उत्तर देता आले नाही. रिमोट माझ्याच हातात होता आणि तो दाबायचे मला सुचले नाही, हेही इथे कबूल केले पाहिजे.

एरिक्सन वाचला. पुढे तो २०२२ च्या विश्वचषकात खेळला आणि २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत त्याने गोलही केला. त्या रात्रीच्या दृश्यांबद्दल ब्रिटनच्या बीबीसीने आपल्या प्रेक्षकांची माफी मागितली. पण त्या माफीबरोबरच बीबीसीने एक खुलासाही केला होता, आणि आजच्या लेखाचा विषय त्या खुलाशात आहे. ही चित्रे आमची नव्हेत, ती स्पर्धेच्या संयोजकांकडून येतात, असे बीबीसीचे म्हणणे होते. ते खरेच होते.

मुख्य कार्यालयाचे परिपत्रक

आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा दूरचित्रवाणीवर कशी येते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. विश्वचषक पाहताना आपल्याला वाटते की आपल्या वाहिनीने तिकडे कॅमेरे नेले आहेत. तसे नसते. २००२ पासून विश्वचषकाचे चित्रण स्वित्झर्लंडमधली एचबीएस ही एकच कंपनी करते. कोणता कॅमेरा कधी लावायचा, कोणते दृश्य पुन्हा दाखवायचे, प्रेक्षकांतला कोणता चेहरा टिपायचा, हे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या एका गाडीत बसलेला दिग्दर्शक ठरवतो. तेच चित्र दोनशेच्या वर देशांत जाते. ब्राझीलमधल्या आणि तळ्यातल्या माणसाला एकाच क्षणी एकच चित्र दिसते. मोठ्या श्रीमंत वाहिन्या स्वतःचे चार-दोन जादा कॅमेरे लावतात, पण मूळ चित्र तेच.

मी बत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यामुळे मला हा सगळा व्यवहार मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यासारखा वाटतो. परिपत्रक वरून येते, त्यातला शब्दही शाखेला बदलता येत नाही. पण खिडकीशी आलेल्या गिऱ्हाइकाला ते कोणत्या भाषेत, किती धीराने समजावून सांगायचे, हे मात्र शाखेतल्या माणसाच्याच हातात असते. एकाच परिपत्रकावर एक शाखा चांगली चालते आणि दुसरीबद्दल तक्रारी येतात, त्या यामुळेच. फुटबॉलच्या प्रक्षेपणातही तसेच आहे. चित्र वरून येते. त्यावरचा आवाज मात्र आपला असतो. आपल्याकडचे समालोचक बहुतेक वेळा सामन्याच्या गावी जातही नाहीत. मुंबईतल्या स्टुडिओत पडद्यासमोर बसून ते बोलतात. म्हणजे प्रक्षेपणाच्या दर्जाबद्दल बोलताना दोन वेगळे हिशेब मांडावे लागतात. एक चित्राचा, ज्यावर आपला इलाज नाही. दुसरा आवाजाचा, ज्याची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे. आपण पहिल्याबद्दल भरभरून बोलतो. दुसऱ्या खात्यात काय शिल्लक आहे, ते कोणी बघत नाही.

मेक्सिकोची दुपार, कोल्हापूरची मध्यरात्र

चित्राच्या खात्यात जमा फार मोठी आहे, हे आधी मान्य करू. १९८६ साली मी कोल्हापुरात नेमणुकीला होतो. त्या वर्षीचा विश्वचषक मेक्सिकोत होता आणि दूरदर्शनने तो थेट दाखवला. कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या रक्तात आहे. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर उसळणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. शिवाजी पेठेतल्या एका तालमीत टेबलावर टेबल रचून दूरचित्रवाणी संच मांडला होता आणि त्यापुढे शंभरेक माणसे दाटीवाटीने बसत. सामने मेक्सिकोच्या घड्याळात भर दुपारी बाराला सुरू होत, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असत. भर उन्हात खेळाडूंना पळवायचे कारण खेळाचे नव्हतेच; युरोपातल्या लोकांना संध्याकाळी घरबसल्या सामना दिसावा, हे ते कारण होते. दूरचित्रवाणी खेळाच्या मागे जात नसून खेळच दूरचित्रवाणीच्या मागे जाऊ लागला आहे, हे तेव्हाच दिसत होते.

२२ जूनच्या रात्री अर्जेंटिना आणि इंग्लंड यांचा सामना झाला. एक्कावन्नाव्या मिनिटाला मॅराडोनाने हाताने गोल केला. ट्युनिशियाचे पंच अली बेन नासर यांना तो हात दिसला नाही. तालमीतल्या त्या संचावर चित्रापेक्षा मुंग्याच जास्त होत्या, तरी पुन्हा दाखवलेल्या दृश्यात तो हात आम्हाला दिसला. पंचाला न दिसलेले कोल्हापूरच्या हमालाला दिसले, असा तो क्षण होता. चारच मिनिटांनी त्याच मॅराडोनाने अर्ध्या मैदानातून इंग्लंडच्या एकेका खेळाडूला चकवत दुसरा गोल केला, तेव्हा पहिल्या गोलावरून भांडणारी माणसे गप्प झाली.

तेव्हापासून कॅमेऱ्याचा अधिकार वाढतच गेला. २७ जून २०१० रोजी ब्लोमफाँटेनमध्ये इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडला. साऱ्या जगाला तो दिसला, पंचांना दिसला नाही. त्यानंतरच्या विश्वचषकात, २०१४ साली, गोलरेषेवर यंत्राची नजर बसली. २०१८ मध्ये पडद्यावर पाहून निर्णय सुचवणारे व्हिडिओ पंच आले. २०२२ मध्ये ऑफसाइडसाठी स्टेडियमच्या छताखाली बारा खास कॅमेरे लावले गेले; ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरच्या एकोणतीस बिंदूंची जागा सेकंदाला पन्नास वेळा टिपत होते. १९८६ मध्ये साक्षीदार असलेला कॅमेरा आता न्यायाधीशाच्या बाकावर जाऊन बसला आहे. चित्रही तसेच सुधारले. २०१८ च्या विश्वचषकात एकेका सामन्याला ३७ कॅमेरे होते. गवताचे पाते, कपाळावरचा घाम, बुटाची सुटलेली नाडी, सारे दिसते.

दिसते फार, कळते किती?

पण दिसणे आणि कळणे यांत अंतर आहे. फुटबॉल हा मोकळ्या जागेचा खेळ आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो. उरलेला सगळा वेळ तो चेंडूविना काय करतो, कुठे सरकतो, कोणाला आपल्यामागे ओढून नेतो, यावर सामना ठरतो. बावीस माणसांची ही हालचाल वरून, लांबून पाहिली तरच समजते. आणि नेमके हेच लांबचे दृश्य सोडून कॅमेरा वारंवार जवळ येतो. खेळ थांबला रे थांबला की नामांकित खेळाडूचा चेहरा, प्रशिक्षकाचा चेहरा, प्रेक्षकांतल्या नटाचा चेहरा. थ्रो-इन झटकन घेतला जातो, खेळ पुढे जातो, आणि आपण अजून मागच्या फाऊलचे संथ दृश्य पाहत बसलेलो असतो.

प्रेक्षकांतले चेहरे निवडण्यातही एक खोड आहे. देखण्या तरुणी शोधून शोधून दाखवायच्या, ही ती खोड. घरातल्या लेकीसुनांबरोबर बसून सामना पाहणाऱ्या कोणाही माणसाला ती खटकते. २०१८ च्या विश्वचषकात फिफाच्याच अधिकाऱ्याने प्रक्षेपण करणाऱ्यांना हे कमी करा म्हणून सांगितल्याचे जाहीर केले. दिग्दर्शकाला ते सांगावे लागले, याचा अर्थ एवढाच की छत्तीस कॅमेऱ्यांवर सदतिसावा वाढवला म्हणून सभ्यपणा वाढत नाही. तो चालवणाऱ्याजवळच असावा लागतो.

यामागे पैसा आहे, हे बँकेतल्या माणसाने सांगायला हवे असे नाही. तरी आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाचे उत्पन्न सुमारे ७५७ कोटी डॉलर होते. त्यातले सुमारे ३४३ कोटी एकट्या दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आले. हे हक्क घेण्याच्या ईर्षेत भलेभले बुडाले आहेत. २००२ आणि २००६ या दोन विश्वचषकांचे हक्क २८० कोटी स्विस फ्रँकला घेणाऱ्यांपैकी आयएसएल ही कंपनी २००१ मध्येच गेली आणि जर्मनीच्या किर्श समूहाने २००२ च्या स्पर्धेला दोन महिने उरले असताना दिवाळे काढले. एवढ्या रकमा मोजणारा माणूस त्या वसूल करणारच. क्रिकेटमध्ये दर षटकाला जाहिरातीची सोय असते. फुटबॉल पंचेचाळीस मिनिटे थांबत नाही. मग चालू खेळाचे चित्र आक्रसून कडेला जाहिरात येते, मध्यंतरातली चर्चा जाहिरातींच्या दोन थप्प्यांमध्ये चिरडली जाते. २०२६ च्या विश्वचषकासाठी तर फिफाने हवा कशीही असो, प्रत्येक सामन्यात दोन्ही अर्धांत तीन-तीन मिनिटांची पाणी पिण्याची विश्रांती ठरवली. मेक्सिकोच्या दुपारी खेळाडूंना तहानलेले पळवणाऱ्यांना चाळीस वर्षांनी त्यांच्या घशाची एवढी काळजी का वाटू लागली, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आवाजाचे खाते

आता आवाजाकडे वळू. १९८६ च्या त्या तालमीत संचाच्या आवाजापेक्षा आमचा भर एका वेगळ्याच आवाजावर असे. पेठेतला एक वयस्क खेळाडू भिंतीला टेकून बसायचा. गुडघा गेलेला, खेळणे सुटलेले. सामना चालू असताना तो मोजकेच बोले. ''चेंडूकडं बघू नका. तो डावीकडचा बघा, कुणाचं ध्यान नाही त्याच्यावर.'' आणि खरोखरच पुढच्या क्षणी चेंडू त्या डावीकडच्या खेळाडूकडे जाई. मी कोकणातला, कबड्डीच्या गावातला. चढाई, पकड, हूल, कोंडी हे शब्द मला ठाऊक; फुटबॉलमधले ओ की ठो माहीत नव्हते. महिनाभरात त्या माणसाने मला हा खेळ पाहायला शिकवले. मुंग्या भरलेल्या चित्रावर जे कळले, ते आजच्या लख्ख चित्रावर माझ्या नातवाला कळत नाही, याचे कारण हा माणूस त्याच्यापाशी नाही.

समालोचकाचे काम तेच असते. पडद्यावर जे दिसतेच आहे ते ओरडून सांगणे हे त्याचे काम नव्हे. पडद्याबाहेर जे घडते आहे ते दाखवणे, घडले ते का घडले हे दोन वाक्यांत सांगणे, आणि वेळ आली की गप्प राहणे, ही त्याची तीन कामे. यातले एकही परक्या भाषेत पूर्णपणे पोहोचत नाही. इंग्रजी समालोचन आमच्या गावात डोक्यावरून जाते. हिंदी कळते, पण ती हिंदी बरेचदा क्रिकेटची उसनी घेतलेली असते; प्रत्येक किकला षटकार मारल्यासारखा आवाज चढतो.

आणि मराठी? २०२२ च्या विश्वचषकाचे समालोचन आपल्या देशात इंग्रजी आणि हिंदीखेरीज बंगाली, मल्याळम आणि तमिळ भाषांतही ऐकायला मिळाले. मराठीत नव्हते. मराठीला समालोचनाचे वावडे आहे म्हणावे, तर तसेही नाही. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचे धावते वर्णन मराठीत असे रुजवले की शेतात रेडिओ घेऊन बसलेल्या माणसाला मैदान दिसत असे. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात क्रीडापानाला मानाची जागा मिळवून दिली. आयपीएलचे समालोचनही मोबाइलवर मराठीत येऊ लागले. म्हणजे भाषा तयार आहे, ऐकणारे तयार आहेत, फक्त फुटबॉलच्या वेळी मराठी माणूस कोणाच्या ध्यानात येत नाही.

''फुटबॉल मराठीत सांगणार कसा?'' असे काही जण विचारतात. ज्यांनी वर्तमानपत्राचे शेवटचे पान कधी वाचलेले नाही, तेच हे विचारू शकतात. गोलरक्षक, बचावफळी, मधली फळी, आघाडीवीर, बादफेरी, भरपाई वेळ, बरोबरी, हे शब्द मराठी वार्ताहरांनी कित्येक वर्षे वापरून गुळगुळीत केलेले आहेत. पास, कॉर्नर, पेनल्टी, हेडर हे कोल्हापुरात मराठीच झाले आहेत. त्यांना मुद्दाम अवघड प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही. शब्दांची टंचाई नाहीच. टंचाई आहे ती मागणी नोंदवणाऱ्यांची.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. मराठी मुलखात फुटबॉल पाहणारे किती? कोल्हापुरात विश्वचषकाच्या महिन्यात पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर २०१७ चे. त्या वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ त्या वेळी पहिल्यांदाच उतरला आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ९ ऑक्टोबरला जिक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध भारताचा त्या स्पर्धेतला एकमेव गोल केला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना झाला, तो आमच्या गावापासून तीन तासांच्या रस्त्यावर. आमच्या शाळेतल्या मुलांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्याच वयाचा, आपलीच भाषा बोलणारा मुलगा जगाशी खेळतो आहे, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला पडद्यावर कोणी नव्हते. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही त्याच मैदानावर झाला. तोही असाच आला आणि गेला.

मुंबई-पुण्याच्या मुलाला मैदान असते, क्लब असतो, प्रशिक्षक असतो. आमच्या गावात फुटबॉलचे मैदान म्हणजे दूरचित्रवाणीचा पडदा. आमच्यापुरते तेच स्टेडियम आणि तोच प्रशिक्षक. त्यामुळे प्रक्षेपणाचा दर्जा हा आमच्यासाठी करमणुकीतला बारकावा राहत नाही. त्या पडद्याने शिकवले नाही, तर आमच्या मुलांना हा खेळ शिकवणारे दुसरे कोणी नाही.

हक्काची गोष्ट

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो कायद्यात आधीच लिहून ठेवलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेट प्रक्षेपणाच्याच एका खटल्यात, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. त्यानंतर २००७ मध्ये संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या क्रीडा स्पर्धांचे हक्क कोणीही घेतले, तरी त्याने ते थेट प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायचे. जाहिरातीच्या उत्पन्नातला किमान पंचाहत्तर टक्के वाटा हक्कदाराला, उरलेला प्रसार भारतीला. फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना आणि काही मोजके महत्त्वाचे सामने या यादीत आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे प्रक्षेपण दूरदर्शनला आपल्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि मोफत डिशवरूनच दाखवता येईल, खाजगी केबलवरून नाही. म्हणजे महिन्याची वर्गणी न परवडणाऱ्या घरासाठी दार उघडे आहे. थोडेसे, पण उघडे आहे.

या दारातून मराठी आत येऊ शकते. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी मराठीचीच आहे. कायद्याने मिळणाऱ्या त्या मोजक्या सामन्यांना मराठी आवाज द्यायला काय लागते? एक बंद खोली, दोन ध्वनिक्षेपक, एक मराठी वाक्य नीट बोलणारा माणूस आणि त्याच्या शेजारी कोल्हापूरचा एखादा जुना खेळाडू. हक्कांच्या रकमांपुढे हा खर्च चहापाण्याचाच म्हणायचा. कायद्यात रेडिओचाही उल्लेख आहे, तिथे जाहिरातीचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटायचे आहे. त्यामुळे आकाशवाणीलाही बाळ पंडितांचा वारसा फुटबॉलमध्ये चालवता येईल. खाजगी वाहिन्यांनी हे करावे असे वाटत असेल, तर त्यांना मराठी गिऱ्हाईक दिसले पाहिजे. बंगाली आणि मल्याळी प्रेक्षकांनी आपला दबदबा निर्माण केला म्हणून त्यांची भाषा आली. आपण मराठीत मागत नाही, हिंदीत पाहून घेतो आणि वर मराठीची उपेक्षा होते म्हणून उसासे टाकतो.

एक धोका मात्र आताच सांगून ठेवतो. मराठी समालोचन म्हणजे हिंदीचे घाईघाईने केलेले भाषांतर किंवा नव्वद मिनिटांचा आरडाओरडा असेल, तर ते नसलेलेच बरे. कोपनहेगनमधल्या त्या रात्री कॅमेरा आवरणे आपल्या हातात नव्हते. पण एखादा शहाणा मराठी आवाज एवढे नक्की म्हणू शकला असता, ''मुलांना जरा बाजूला न्या. डॉक्टर आपले काम करीत आहेत. काही कळले की सांगतो.'' मग तो गप्प राहिला असता. माझ्यासारख्या गोंधळलेल्या आजोबाला रिमोट दाबायची आठवण त्या आवाजाने करून दिली असती.

पणजीचा सामना

१८ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा अंतिम सामना झाला. रविवार होता, घरातल्या एका लग्नासाठी मुलगा-सून आणि नातू गावी आले होते. माझी आई तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिला आता उजेड आणि सावली एवढेच दिसते. घर सगळे दूरचित्रवाणीपुढे जमले म्हणून तीही येऊन बसली आणि नातवाला म्हणाली, ''काय चाललंय ते मला सांग.''

त्याने सांगायला सुरुवात केली. आधी तो नुसती नावे घेत होता. ''कोण तो? मला काय कळणार?'' ती म्हणाली. मग त्याने नावे सोडली. छत्तिसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाचे खेळाडू आपल्या अर्ध्यातून चेंडू घेऊन सुटले. कॅमेरा चेंडूमागे होता. नातू म्हणाला, ''पणजी, चेंडू इकडं आहे, पण त्या तिकडच्या कडेनं एक जण एकटाच पळतोय. त्याच्याकडं कुणाचं लक्षच नाही.'' तो एकटा पळणारा डी मारिया होता. चेंडू त्याच्याकडे गेला आणि गोल झाला. मला शिवाजी पेठेतली ती भिंत आठवली.

पुढे फ्रान्सच्या एम्बापेने दोन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली, जादा वेळेत ३-३ झाले आणि निर्णय पेनल्टीवर गेला. तेव्हा पोराचे बोलणे थांबले. त्याने पणजीचा हात धरून ठेवला. प्रत्येक किकनंतर तो हात आवळायचा किंवा सैल सोडायचा. तिने एकदाही ''काय झालं?'' म्हणून विचारले नाही.

सामना संपला. अर्जेंटिना नाचत होती. कॅमेरा मात्र हरलेल्या एम्बापेवर खिळला होता. तो गवतात बसला होता, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष त्याची समजूत काढत होते आणि त्याला कोणाशी बोलायचे नव्हते, हे स्पष्ट दिसत होते.

''आता काय चाललंय?'' आईने विचारले.

''हरलेला बसलाय गं. सगळे त्यालाच दाखवतायत.''

''मग तू नको बघूस,'' ती म्हणाली. ''नाचताहेत त्यांचं सांग.''

आणि तो नाचणाऱ्यांचे सांगू लागला.